तीस वर्षं 'मेलेला' माणूस

जून १९९६ मध्ये 'खिलाड़ियों का खिलाड़ी' प्रदर्शित झाला आणि अक्षय कुमारने अमेरिकी मल्ल अंडरटेकरला डोक्यावर उचलून धरल्याची बातमी शाळाशाळांतून फिरली. ज्यांच्याकडे केबल होती त्यांनी ती थोड्या संशयाने ऐकली, ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी पूर्ण विश्वासाने. पुढे पंचवीस वर्षांनी, २०२१ मध्ये, अक्षय कुमारनेच मिश्कीलपणे सांगून टाकलं की पडद्यावरचा अंडरटेकर खरा नव्हता, तो ब्रायन ली नावाचा दुसरा मल्ल होता. त्यावर खऱ्या अंडरटेकरनेही त्याला खऱ्या लढतीचं गमतीदार आव्हान दिलं.

खरी गंमत त्याच्याही आधीची आहे. ब्रायन ली हा हिंदी सिनेमावाल्यांनी कुठून तरी धरून आणलेला डुप्लिकेट नव्हता. १९९४ मध्ये खुद्द डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीने त्याला काळा कोट आणि काळी टोपी चढवून अंडरटेकर म्हणून रिंगमध्ये उतरवलं होतं. भाऊसाहेबांच्या तोतयाला पेशव्यांनी मान्यता दिली नव्हती. या तोतयाला मात्र मालकांनीच उभं केलं होतं. त्या वर्षीच्या समरस्लॅममध्ये, २९ ऑगस्टला शिकागोत, खरा आणि खोटा अंडरटेकर एकमेकांसमोर आले. दोघांचा पोशाख सारखाच. फरक एवढाच, की खोट्याचे हातमोजे राखाडी होते, खऱ्याचे जांभळे. उंचीतही खोटा थोडा कमी पडत होता. खऱ्याने त्याला तीनदा डोक्यावर आपटून प्रकरण मिटवलं. लढत इतकी रटाळ झाली की तिचं नाव काढलं तरी जुने चाहते आजही कपाळाला हात लावतात.

आपल्याकडच्या गल्लीबोळांत या माणसाबद्दल याहून मोठ्या गोष्टी प्रचलित होत्या. तो सात वेळा मेलाय आणि सात वेळा थडग्यातून उठून आलाय, ही त्यातली सर्वांत लाडकी. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा डाव खेळणारी पोरं उंची, वजन, छाती, दंड आणि लढलेल्या कुस्त्या यांचे आकडे तोंडपाठ म्हणत. पण अंडरटेकरचा पत्ता हाती आला की आकड्यांपेक्षा त्या दंतकथेचाच आनंद जास्त असे. ही दंतकथा इतकी फोफावली याचं कारण अंडरटेकर काय करायचा त्यापेक्षा काय दाखवायचा नाही, यात सापडतं. वेदना दाखवायची नाही, राग-लोभ दाखवायचा नाही, स्वतःचं खरं नाव-गाव दाखवायचं नाही. या कारकिर्दीचे निरनिराळे किस्से वरवर सुटे वाटतात. पण त्या सगळ्यांतून हे एकच सूत्र ओवलेलं आहे.

नुरा कुस्ती, पण हाडं खरी

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. अमेरिकी व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडच्या आखाड्यात अशा ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा' म्हणतात आणि ती करणाऱ्याला शिव्या पडतात. तिकडे मात्र तोच मुख्य धंदा आहे, आणि तो लपूनछपूनही राहिलेला नाही. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला हा कार्यक्रम म्हणजे करमणूक आहे, क्रीडास्पर्धा नव्हे, असं अधिकृतपणे सांगून टाकलं. खेळ म्हटलं की सरकारी नियम आणि कर मागे लागतात. करमणूक म्हटलं की ती कटकट कमी, हा त्यामागचा हिशेब.

पण निकाल ठरलेला असला तरी पडणं ठरवून हलकं करता येत नाही. दीडशे किलोच्या आसपासचा माणूस तीन-चार फुटांवरून पाठीवर आदळतो तेव्हा त्याच्या मणक्याला संहिता ठाऊक नसते. या कुस्तीत मल्लाची परीक्षा होते ती समोरच्याला इजा न करता इजा झाल्यासारखं दाखवण्यात. अंडरटेकरने यात एक उलटी वाट धरली. इतर मल्ल न लागलेलं लागल्यासारखं दाखवायचे. हा लागलेलंही न लागल्यासारखं दाखवायचा.

बास्केटबॉल, मुखवटा आणि चार नावं

त्याचं खरं नाव मार्क विल्यम कॅलवे. जन्म २४ मार्च १९६५, टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा. पाच भावांत सर्वांत धाकटा. कंपनीच्या नोंदीप्रमाणे उंची सहा फूट दहा इंच. एवढ्या उंचीचा मुलगा अमेरिकेत बास्केटबॉलकडे वळला नाही तरच नवल. शिष्यवृत्तीवर तो कॉलेजात खेळला, पुढे टेक्सस वेस्लियन विद्यापीठाच्या संघातही होता. पण डोक्यात कुस्ती बसली होती. बझ सॉयर नावाच्या मल्लाकडे त्याने शिकवणीचे पैसे भरले आणि गुरुजी थोडंफार शिकवून गाव सोडून गेले. उरलेलं शिक्षण त्याने मार खात घेतलं.

पहिली लढत जून १९८७ मध्ये डॅलसच्या स्पोर्टॅटोरियममध्ये झाली. चेहऱ्यावर मुखवटा, नाव 'टेक्सस रेड', आणि समोर ब्रुझर ब्रोडी. ब्रोडी म्हणजे त्या काळातला अत्यंत रांगडा गडी. नवशिक्याचं काय झालं असेल, ते सांगायला नको. त्यानंतर मेम्फिसमध्ये तो 'मास्टर ऑफ पेन' झाला आणि १९८९ मध्ये तिथल्या जेरी लॉलरला हरवून त्याने किताबही घेतला. मग डब्ल्यूसीडब्ल्यू या मोठ्या कंपनीत 'मीन मार्क', आणि १९९० मध्ये जपानमध्ये 'पनिशर डाइस मॉर्गन'. तीन वर्षांत चार नावं, आणि एकही लोकांच्या तोंडी बसलं नाही. डब्ल्यूसीडब्ल्यूमधल्या एका बड्या माणसाने तर तुला बघायला कोणी पैसे मोजणार नाही, असं तोंडावर सुनावलं होतं. ही आठवण पुढे त्याने अनेक मुलाखतींत सांगितली.

अंड्याची रात्र

त्याच वर्षी, १९९० मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफने त्याला घेतलं. त्या सुमारास कंपनीच्या कार्यक्रमांतून एक भलंमोठं अंडं गावोगाव फिरवलं जात होतं आणि सर्व्हायव्हर सिरीजच्या रात्री ते फुटणार अशी जाहिरात चालू होती. मार्क कॅलवेला तोवर आपली भूमिका काय हे कळलेलं नव्हतं. कंपनीचा मालक विन्स मॅकमॅहन आपल्याला त्या अंड्यातून बाहेर काढणार, या धास्तीने आपली झोप उडाली होती, असं तो नंतर हसत हसत सांगत असे.

२२ नोव्हेंबर १९९० ला हार्टफर्डमध्ये अंडं फुटलं. आतून टर्कीच्या वेशातला एक माणूस निघाला आणि तो नाचू लागला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. त्याच रात्री, त्याच कार्यक्रमात, टेड डिबिआसीचा गुप्त साथीदार म्हणून अंडरटेकर पहिल्यांदा थेट प्रक्षेपणात चालत आला. जुन्या पाश्चात्त्य चित्रपटांतल्या, प्रेतं पुरण्याचं काम करणाऱ्या माणसाचा वेश. लांब काळा कोट, रुंद काठाची टोपी, राखाडी हातमोजे. इतर मल्ल धावत येत, हात उंचावत, प्रेक्षकांच्या टाळ्या घेत. हा एकेक पाऊल मोजून टाकत आला, कोणाकडे बघितलंही नाही. कॅमेरा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांवर गेला तेव्हा काही लहान मुलांचे चेहरे खरोखरच उतरलेले दिसतात.

जेमतेम वर्षभरात, २७ नोव्हेंबर १९९१ ला, त्याने हल्क होगनला हरवून मुख्य किताब मिळवला. वय २६. सहा दिवसांनी तो किताब परत होगनकडे गेला, पण तोवर लोकांना कळून चुकलं होतं की हा गडी टिकणार.

न दाखवण्याची कारागिरी

अंडरटेकरच्या खेळातली तीन कामं जवळून पाहण्यासारखी आहेत.

पहिलं, उठून बसणं. समोरच्याने त्याला आपटलंय, तो पाठीवर निपचित पडलाय, जिंकलो असं वाटून प्रतिस्पर्धी पाठ फिरवतो. आणि हा हातांचा आधार न घेता, कमरेतून ताठ उठून बसतो. मान सावकाश वळते. दहा सेकंदांचा हा प्रकार, त्यात एकही डाव नाही. तरी अख्खं सभागृह उभं राहायचं. सुरुवातीच्या काळात तो मार बसल्यावर तोंडही वाकडं करत नसे. इतकी अवाढव्य माणसं एरवी आरडाओरडा करतात, म्हणून याचं गप्प राहणं जास्त अंगावर यायचं.

दुसरं, दोरावरून चालणं. प्रतिस्पर्ध्याचं मनगट पिरगाळून धरायचं, कोपऱ्यातून सर्वांत वरच्या दोरावर चढायचं, दोरावरून चार-पाच पावलं चालायचं आणि खाली उडी मारत हाताचा तडाखा द्यायचा. हा डाव तो डॉन जार्डिन या जुन्या मल्लाकडून शिकला. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या रिंगला पट्टी गुंडाळलेला खराच दोर असतो, तो पायाखाली हलतो. त्यावर एकशे चाळीस किलोचा माणूस चालतो तेव्हा त्याचा तोल ज्याच्यावर असतो, तो हात प्रतिस्पर्ध्याचा असतो. म्हणजे ज्याला मार बसणार, तोच मारणाऱ्याला पडू देत नाही. नुरा कुस्तीतला परस्परांवरचा विश्वास बघायचा तर तो इथे बघावा.

तिसरं, टूमस्टोन पाइलड्रायव्हर. प्रतिस्पर्ध्याला डोकं खाली, पाय वर असं छातीशी धरायचं आणि त्याला घेऊन दोन्ही गुडघ्यांवर बसायचं. बघणाऱ्याला वाटतं डोकं फुटलं. प्रत्यक्षात डोकं जमिनीपासून थोडं वर राहतं आणि सगळा भार मारणाऱ्याच्या गुडघ्यांवर येतो. अंदाज दोन-तीन इंचांनी चुकला तर मात्र मान गेली. १९९७ मध्ये स्टीव्ह ऑस्टिनची मान अशाच एका पाइलड्रायव्हरने दुखावली. पुढे कंपनीने या जातीच्या डावांना मनाई केली. त्यातून सूट मिळाली ती अंडरटेकर आणि त्याचा कथेतला भाऊ केन यांना.

या केनचीही एक गोष्ट आहे. ५ ऑक्टोबर १९९७ ला, हेल इन अ सेल या पिंजऱ्यातल्या पहिल्यावहिल्या लढतीत, मुखवटा घातलेला केन पिंजऱ्याचं दार उपटून आत शिरला. त्याआधी हाच माणूस, ग्लेन जेकब्स, दंतवैद्याच्या भूमिकेत आणि दुसऱ्या एका मल्लाचा तोतया म्हणून येऊन गेला होता. दोन्ही वेळा फसला होता. २०१८ मध्ये तो टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा मेयर म्हणून निवडून आला. अंडरटेकरचा मॅनेजर पॉल बेअरर तर याहून पुढचा. पांढराफटक चेहरा, हातात अस्थिकलश, कापरा आवाज असं सोंग घेणारे विल्यम मूडी खऱ्या आयुष्यात अंत्यसंस्काराच्या व्यवसायाचं रीतसर शिक्षण घेतलेले होते आणि त्यांनी ते कामही केलं होतं. अंडरटेकरच्या सगळ्या बनावात एवढी एक गोष्ट शंभर टक्के अस्सल होती.

मोडलेली हाडं

१९९५ च्या अखेरीस अंडरटेकर चेहऱ्यावर राखाडी मुखवटा घालून येऊ लागला. प्रेक्षकांना वाटलं, नवं सोंग. खरी गोष्ट अशी, की एका लढतीत डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं आणि ते जपायला मुखवटा लागत होता.

२८ जून १९९८ ला पिट्सबर्गमध्ये त्याने मॅनकाइंडला, म्हणजे मिक फोलीला, सुमारे सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावरून खाली समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ती चित्रफीत जगभर गाजली. थोड्या वेळाने फोली पुन्हा वर चढला आणि या वेळी छताची जाळीच तुटून तो आत रिंगमध्ये कोसळला. पहिलं पडणं ठरलेलं होतं, दुसरं नव्हतं. फोली मेला, असं आपल्याला क्षणभर वाटलं होतं, हे अंडरटेकरने नंतर कबूल केलं. या सगळ्यात एक तपशील मागे राहतो. त्या रात्री अंडरटेकरचं स्वतःचं पाऊल मोडलेलं होतं. मोडक्या पावलाने तो जाळी धरत वर चढला, छतावर चालला आणि तुटलेल्या भगदाडातून लोंबकळून खाली उतरला.

२१ फेब्रुवारी २०१० चा प्रसंग तर त्याच्या प्रवेशाचाच. सेंट लुईसमध्ये एलिमिनेशन चेंबर या लढतीसाठी चालत येत असताना आतषबाजीचा भडका चुकीच्या वेळी उडाला आणि तो ज्वाळांत सापडला. छाती आणि मान भाजली. तो दोन पावलं झपझप पुढे सरकला, टोपी-कोट काढला आणि काचेच्या खोलीत जाऊन उभा राहिला. आपली पाळी येईपर्यंत बाटलीतलं पाणी अंगावर ओतत राहिला. मग बाहेर येऊन लढला आणि ठरल्याप्रमाणे हरलाही.

एवढं सोसणाऱ्या माणसाला भीती कशाची वाटावी? काकडीची. ही बातमी त्याचा एके काळचा मॅनेजर पॉल हेमनने फोडली आणि पुढे अंडरटेकरने ती मान्यही केली. थडग्यातून उठून येणाऱ्याला कोशिंबीर चालत नाही!

एकवीस-शून्य

रेसलमेनिया हा या कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा सोहळा. २४ मार्च १९९१ ला, स्वतःच्या सव्विसाव्या वाढदिवशी, अंडरटेकरने तिथे जिमी स्नुकाला हरवलं. त्यानंतर २०१३ पर्यंत तो रेसलमेनियात एकदाही हरला नाही. तेवीस सोहळ्यांपैकी १९९४ आणि २००० हे दोन दुखापतींमुळे हुकले. उरलेले एकवीस त्याने जिंकले.

मजा म्हणजे सुरुवातीची बरीच वर्षं हा विक्रम होतोय, याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. १९९३ मध्ये जायंट गोन्झालेसवरचा विजय तर क्लोरोफॉर्म हुंगवल्याबद्दल समोरचा बाद ठरल्यामुळे मिळालेला. त्यातून कोणी पराक्रमाची गाथा रचायला बसलं नव्हतं. २००२ मध्ये रिक फ्लेअरला हरवल्यावर अंडरटेकरने दहा बोटं वर केली, तेव्हा कुठे मोजणी लोकांसमोर आली. पुढे हा आकडा किताबापेक्षा मोठा झाला. मल्ल पट्ट्यासाठी लढायचे सोडून हा विक्रम मोडायला येऊ लागले. निकाल ठरवून दिलेल्या खेळात एखादा आकडा इतका पवित्र व्हावा, ही प्रेक्षक आणि खेळाडूंनी मिळून केलेली करामतच म्हणायची.

या मालिकेत एक विलक्षण योगायोग आहे. ५ एप्रिल २००९ ला, ह्यूस्टनमध्ये, शॉन मायकल्सविरुद्ध लढताना अंडरटेकर दोरांवरून बाहेर झेपावला. शॉनने तिथल्या कॅमेरामनला पुढे ओढलं. तो कॅमेरामन म्हणजे वेश बदललेला मल्ल होता आणि अंडरटेकरला झेलणं हे त्याचं काम होतं. त्याला ते नीट जमलं नाही, अंडरटेकर थेट डोक्यावर आदळला. तो मल्ल होता सिम स्नुका. अठरा वर्षांपूर्वी या मालिकेत सर्वांत पहिला हरलेल्या जिमी स्नुकाचा मुलगा. अंडरटेकर उठला, लढत पुरी केली. अनेक जाणकार तीच रेसलमेनियातली सर्वोत्तम लढत मानतात.

आकडा बदलला

६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लीन्स. समोर ब्रॉक लेस्नर. जिंकायचं नाही, हा निर्णय त्याच दिवशी आपल्या कानावर आला, असं अंडरटेकरने पुढे सांगितलं. लढतीत कधीतरी त्याच्या डोक्याला जबर मार बसला. लेस्नरने तिसऱ्यांदा आपला एफ-फाइव्ह हा डाव मारला, पंचाने तीन मोजले, आणि पंचाहत्तर हजारांच्या त्या गर्दीत काही क्षण कोणालाच ओरडायचं सुचलं नाही. फलकावर '२१-१' उमटलं तेव्हा एका प्रेक्षकाचे डोळे विस्फारलेले आणि तोंड उघडंच राहिलेलं कॅमेऱ्याने टिपलं. तो चेहरा आजही मोबाइलवरून फिरतो. अंडरटेकर चालत आत गेला आणि तिथून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. त्या दुपारपासून पुढचं त्याला काहीच आठवत नाही. ज्या पराभवाने लाखो लोक हादरले, तो पराभव हरणाऱ्याच्याच स्मरणात नाही.

त्याआधी २००६ मध्ये त्याला रिंगमध्ये सरळसरळ चीत करून एका भारतीयाने नाव कमावलं होतं. हिमाचल प्रदेशातला दलीप सिंग राणा, म्हणजेच ग्रेट खली, कंपनीत आला तोच अंडरटेकरवर हल्ला करून, आणि २१ मे २००६ च्या जजमेंट डेमध्ये जिंकलाही. नवख्या राक्षसाला मोठं करायचं तर आधीच्या सर्वांत मोठ्या भुताने त्याच्यापुढे पडायला हवं, हे अंडरटेकरला पटत होतं. पडणं हाही त्याच्या कामाचाच भाग होता.

तोंड उघडलं

मधली तीन-चार वर्षं, २००० पासून, तो डोक्याला रुमाल बांधून मोटारसायकलवर येई आणि भरपूर बोलत असे. २००४ मध्ये कोट-टोपी पुन्हा चढली आणि पुन्हा मौन सुरू झालं. ते पहिल्यांदा उघडपणे मोडलं २ एप्रिल २०१७ ला. रोमन रेन्सकडून हरल्यावर त्याने हातमोजे, कोट आणि टोपी रिंगमध्ये काढून ठेवली, आणि बाहेर बसलेल्या पत्नीला, मिशेल मॅकूलला, सर्वांदेखत जवळ घेतलं. कोट-टोपीतल्या ज्या माणसाला घरदार नव्हतं त्यालाही बायको आहे, हे कंपनीच्या कॅमेऱ्यासमोर मान्य झालं.

त्यानंतरही तो काही वेळा लढला. २०२० ची एजे स्टाइल्सविरुद्धची स्मशानातली चित्रित लढत शेवटची ठरली. रेसलमेनियाचा हिशेब थांबला २५ विजय, २ पराभव असा. २२ नोव्हेंबर २०२० ला, पदार्पणाला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, त्याने निरोप घेतला. २०२२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

आता मार्क कॅलवे गावोगाव एकट्याच्या बळावर रंगमंचीय कार्यक्रम करतो, पॉडकास्ट चालवतो आणि तासन्‌तास गप्पा मारतो. या प्रकरणातले अर्धेअधिक किस्से आपल्याला ठाऊक झाले ते त्याच्या या बोलण्यातून. ते ऐकायला गर्दी होते, कारण त्याने ते तीस वर्षं कोणाला सांगितले नव्हते. सुरुवातीपासूनच बडबडत राहिला असता, तर आज त्याच्याकडे सांगण्यासारखं फारसं काही उरलं नसतं.